पोटातला गोळा मोजायचा कसा?

रंगपंचमीला तिसगावातून मढीकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून वाहतो. कानिफनाथांचं दर्शन झालं, रेवडीची पुडी हातात आली, की पोरांची नजर आकाशपाळण्याकडे वळते. गेल्या वर्षी माझी चौथीतली भाची माझ्यासोबत त्यात बसली. पहिल्याच फेरीत, पाळणा माथ्यावरून पुढं सरकला तसा तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखांचे वण संध्याकाळपर्यंत राहिले. खाली उतरल्यावर ती दोनच वाक्यं बोलली. "मामा, पोटात गोळा आला. आणि सहलीला आम्हाला इमॅजिकाला नेणार आहेत, तिथं मी कशात बसू?"

अशा वेळी मोठी माणसं ठरलेली उत्तरं देतात. एक म्हणजे "काही होत नाही, डोळे मिट आणि बस". दुसरं म्हणजे "तू आपली छोट्या पाळण्यात बस". मला ही दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात. पहिल्यात पोराच्या अंगाला जे खरोखर जाणवलं ते नाकारलं जातं. दुसऱ्यात पाळण्याची उंची हेच भीतीचं माप धरलं जातं, आणि ते माप खोटं आहे.

गोळा म्हणजे काय ते आधी पाहू. आपल्याला स्वतःचं वजन जाणवतं ते जमीन किंवा खुर्ची आपल्याला खालून रेटते म्हणून. पोटातल्या आतड्यांचं, जठराचंही तसंच असतं. ती पातळ पडद्यांना लोंबकळत एकमेकांवर टेकलेली असतात आणि हा भार आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो की कधी जाणवत नाही. आसन अचानक खाली जाऊ लागलं की खालचा रेटा कमी होतो, आतले अवयव हलके होतात, त्यांना धरणाऱ्या पडद्यांवरचा ताण सुटतो. त्याच क्षणी कानाच्या आतही खळबळ होते. तिथं मऊ, चिकट थरावर चुन्याचे अतिसूक्ष्म खडे बसलेले असतात. ते सरकले की मेंदूला निरोप जातो : आपण पडतोय. गोळा येतो तो या सगळ्यांचा मिळून. तो येणाऱ्याचा स्वभाव भित्रा असतो असं मुळीच नाही, त्याचं शरीर पडण्याची दखल चोख घेत असतं इतकंच.

आणि हा गोळा मोजता येतो. समजा पाळण्याची त्रिज्या 8 मीटर आहे आणि तो 10 सेकंदांत एक फेरी घेतो. हिशोब केला तर माथ्यावर आपलं वजन जवळपास एक तृतीयांशानं कमी भासतं आणि तळाशी तेवढंच वाढतं. 30 किलोच्या पोराला वर गेल्यावर आपण 20 किलोचे झालो असं वाटतं, खाली आल्यावर 40 किलोचे. दर 10 सेकंदांनी हा हिसका! आता तोच पाळणा 14 सेकंदांत एक फेरी घेऊ लागला तर हा फरक निम्म्यावर येतो. उंची तीच, पाळणा तोच, गोळा मात्र अर्धा. कारण इथं फेरीच्या वेळेचा वर्ग मोजला जातो. वेळ थोडी वाढली तरी परिणाम भराभर उतरतो.

याच्या उलट टोकाचं उदाहरण 1893 सालचं आहे. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्यानं उभारलेला पहिला महाकाय पाळणा 264 फूट, म्हणजे सुमारे 80 मीटर उंच होता. पण न थांबता एक फेरी पुरी करायला तो नऊ मिनिटं घेई. त्यातल्या माणसाच्या वजनात नाव घ्यावं इतकाही फरक पडत नसे. उंचीचं भय ज्याला आहे त्याला तो असह्य झाला असता, पण माझ्या भाचीसारख्या गोळ्याला घाबरणाऱ्या मुलीनं त्यात बसून आरामात रेवड्या खाल्ल्या असत्या. जत्रेतला छोटा पाळणा तिला त्याहून कितीतरी जड गेला. म्हणून भित्र्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की तुला नेमकं कशाचं भय वाटतं? उंचीचं, गोळ्याचं, की गरगरण्याचं?

गरगरण्याचं प्रकरण अगदी वेगळं आहे, आणि आमच्या भागातल्या माणसाला ते करंजी घाटानं शिकवलेलं असतं. नगरहून येणारी एसटी घाटात वळणं घेऊ लागली की मागच्या सीटवर कुणीतरी खिडकी शोधतं. त्याला आपण 'गाडी लागली' म्हणतो. कानात खड्यांच्या शेजारीच द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, डोकं कुठल्या दिशेला वळतंय ते त्या सांगतात. मागच्या सीटवर बसून मान खाली घालणाऱ्याचे डोळे मेंदूला सांगतात की सगळं स्थिर आहे, कान सांगतो की आपण वळतोय. दोन साक्षीदारांची साक्ष जुळली नाही की मळमळ सुरू होते. ड्रायव्हरला गाडी लागत नाही कारण वळण त्याला आधीच दिसलेलं असतं. लहान मुलांत, साधारण सहा-सात वर्षांपासून बारा वर्षांपर्यंत, हा त्रास सर्वांत जास्त असतो.

आता जत्रेतला किंवा पार्कातला स्वतःभोवती गिरक्या घेणारा पाळणा बघा. जमिनीपासून हातभर वर असतो, म्हणून आईवडील बिनधास्त पोराला त्यात बसवतात. पण कानातल्या द्रवाला सर्वांत जास्त घुसळतो तो हाच. पाळणा थांबला तरी द्रव फिरतच राहतो, म्हणून उतरल्यावरही जमीन फिरते. ज्याला करंजी घाटात गाडी लागते त्यानं उंच रोलर कोस्टरपेक्षा या बुटक्या गिरकीपासून लांब राहावं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, खोपोलीजवळचा इमॅजिका 2013 साली सुरू झाला. आमच्या पिढीला गोराईचं, 1989 सालचं एस्सेलवर्ल्ड ऐकून माहीत होतं. आताच्या पोरांच्या तोंडी खोपोलीचं 'नायट्रो' आहे. सुमारे 40 मीटर उंच, पायाखाली फळी नसलेलं, प्रवाशाला पाच वेळा उलटं करणारं. तिथंच 'गोल्ड रश एक्सप्रेस' नावाची, खाणीतल्या आगगाडीसारखी, कुटुंबांसाठीची कोस्टर आहे आणि अंधारात धावणारी 'डीप स्पेस' आहे.

रोलर कोस्टरला धावताना इंजिन लागत नाही. साखळीनं गाडी एकदा वर नेली की पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. 10 मीटर खाली घसरलेली गाडी घर्षण सोडून दिलं तर ताशी 50 किलोमीटर वेग घेते. 40 मीटर घसरली तर ताशी 100. उंची चौपट, वेग दुप्पट. गाडीत किती वजनाची माणसं बसली याचा या हिशोबात काही संबंध येत नाही. पण भाचीला मी वेगाची भीती बाळगू नको असंच सांगितलं, कारण शरीराला वेग कळतच नाही. कळतो तो वेगातला बदल. द्रुतगती मार्गावर ताशी 100 नं गाडीत झोप लागते ती त्यामुळेच.

उलटं होण्याचं भयही बरंचसं डोळ्यांतलं आहे. 1895 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' नावाची कोस्टर आली, तिचा फेरा अगदी गोल होता. गोल फेऱ्यात शिरताना एकदम जबर दाब बसतो, त्यामुळे लोकांच्या माना दुखावत. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या 'रेव्होल्यूशन'साठी वर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्यानं फेऱ्याचा आकार पाण्याच्या थेंबासारखा केला : खाली ऐसपैस, माथ्याला आवळलेला. त्यामुळे दाब हळूहळू चढतो आणि माथ्यावरही माणूस लोंबकळण्याऐवजी आसनाला चिकटून राहतो. म्हणजे नीट आखलेल्या उभ्या फेऱ्यात गोळा फारसा येत नाही. तो येतो साध्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या उंचवट्यावरून गाडी पुढं झुकते तेव्हा. बाहेरून बघून भीती ठरवणाऱ्याची फसगत होते ती इथंच. अर्थात नायट्रोत फेऱ्यासोबत बाकीही बरंच आहे, पहिल्या दिवशी तिथं जाऊ नये हेच खरं.

जागा कुठली धरावी हाही प्रश्न असतो. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागचे डबे अजून चढत असतात, त्यामुळे तो रेंगाळत उतरतो. शेवटचा डबा माथ्यावर येईतो सगळी गाडी उताराला लागलेली असते आणि ती त्याला हिसकून ओढते. अमेरिकेत डेव्हिड वार्टिंगर या डॉक्टरांनी 2016 साली याचा अफलातून पुरावा दिला. त्यांचे काही रुग्ण सांगत, डिस्नेच्या कोस्टरवर बसल्यावर आमचा मूतखडा पडला. त्यांनी सिलिकॉनचं मूत्रपिंड बनवलं, त्यात खडे ठेवले आणि ते पिशवीत घालून 'बिग थंडर माउंटन'वर 20 फेऱ्या मारल्या. पुढच्या जागांवर 24 पैकी 4 खडे सरकले, मागच्या जागांवर 36 पैकी 23! आणि ही कोस्टर कुटुंबांसाठीची, सौम्य समजली जाणारी. गोळ्याला घाबरणाऱ्यानं मधला डबा धरावा. गाडी लागणाऱ्यानं पुढचा, कारण तिथून वळण दिसतं. तिथं डोळे मिटू नयेत, वळणाकडे बघत राहावं.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो चढतानाचा आवाज. खट, खट, खट. रांगेत उभ्या पोरांचे चेहरे त्या आवाजानंच उतरतात. भाचीला मी सायकल उलटी करून मागचं चाक फिरवून दाखवलं. फ्रीव्हीलमधला छोटा खटका दात्यांवरून घसरताना टकटक करतो, उलट फिरवलं की अडकतो. कोस्टरच्या डब्याखाली असाच खटका रुळामधल्या दात्यांवर पडत जातो. साखळी तुटली तरी गाडी मागं घसरू नये म्हणून. ज्या आवाजानं छाती धडधडते, तोच आपल्याला धरून ठेवणाऱ्या खटक्याचा असतो. रुळाखालूनही चाकं असतात. 1919 साली जॉन मिलर यांनी त्यांचं पेटंट घेतलं, तेव्हापासून गाडी उंचवट्यावर उसळून रुळाबाहेर जाण्याची धास्ती संपली.

एक भीती मात्र मी तिला घालवायला सांगितली नाही. मांडीवरची दांडी ढिली वाटली, पिन दिसली नाही, पाळणा फिरताना डुगडुगला, तर उतरायचं, आणि तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्यायचे. दारातली उंचीची पट्टीही मुख्यतः दांडी अंगाला नीट बसावी म्हणून असते, तिथं टाचा वर करून चोरून शिरू नये. हृदयाचा, मानेचा, पाठीचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तर कुठल्याच कोस्टरच्या रांगेत उभं राहू नये.

सहलीहून ती रात्री उशिरा परतली. गोल्ड रशमध्ये मधल्या डब्यात दोनदा बसली, नायट्रो नुसतं खालून बघितलं, अंधारातल्या कोस्टरला नको म्हणाली. वर्गातल्या मुलींना फ्रीव्हीलचा खटका समजावला म्हणे.

यंदा मढीला पुन्हा गेलो. आकाशपाळणा फिरत होता. तिनं एका लाल पाळण्यावर नजर ठेवली आणि बोटांची पेरं मोजायला लागली. तो पाळणा तळाशी परत आला तेव्हा तिचा अंगठा चौदाव्या पेरावर होता. मग ती दाराशी गेली, रिकाम्या पाळण्याची दांडी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, आणि तिकिटाच्या पैशांसाठी माझ्यापुढं हात केला.