दंडावरची फीत आणि छातीवरचं चिन्ह

१९ फेब्रुवारी २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठा मैदानावर विदर्भ आणि मुंबई यांच्यातल्या रणजी उपांत्य सामन्याचा तिसरा दिवस होता. त्याच सकाळी मुंबईत मिलिंद रेगे यांचं निधन झालं. मुंबईचे खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून मैदानात उतरले. रेगे मुंबईचे माजी कर्णधार आणि सुनील गावसकरांचे बालमित्र. वयाच्या सव्विसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊनही ते पुन्हा उभे राहिले, मुंबईकडून खेळले आणि नेतृत्वही केलं. ५२ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १२६ बळी घेतले. निवृत्तीनंतर निवड समितीत आणि सल्लागार म्हणून ते मुंबई क्रिकेटशी अखेरपर्यंत बांधलेले राहिले. त्या दिवशी फीत बांधणाऱ्यांना ती कोणासाठी आहे हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तो सामना विदर्भाने ८० धावांनी जिंकला. पुढे जामठ्यावरच केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या आघाडीवर रणजी करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. तो दिवस २ मार्चचा. दुसऱ्याच दिवशी पद्माकर शिवलकर गेले आणि ४ मार्चला दुबईत, चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यात, भारतीय संघाच्या दंडांवर काळ्या फिती दिसल्या. शिवलकरांच्या नावावर ५८९ प्रथम श्रेणी बळी आहेत. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी टिपले होते. तरीही भारतासाठी एक कसोटी खेळण्याची संधी त्यांना मिळाली नाही. २०१७ मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. ज्यांच्या नावाने तो दिला जातो ते सी. के. नायडू नागपूरचे. ज्यांना देशाची टोपी कधी मिळाली नाही, त्यांच्यासाठी देशाच्या संघाने फीत बांधली. स्मृतिचिन्हाची ताकद मला इथे दिसते: उशिरा का होईना, खेळ आपलं देणं मान्य करतो.

मग खेळाडूंनी शर्टावर स्मृतिचिन्हं लावावीत का, या प्रश्नाला सरळ ‘हो’ म्हणून मोकळं का होऊ नये? कारण फितीबरोबर टोपी येते, टोपीबरोबर बोधचिन्ह येतं, आणि हळूहळू आठवण कोणाची, हे खेळाडूऐवजी दुसरंच कोणी ठरवू लागतं. त्यासाठी जामठ्याच्याच आणखी एका फेब्रुवारीकडे वळू.

जामठा ते रांची, २०१९

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा जिल्ह्यात लेथपोराजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला आणि ४० जवान शहीद झाले. त्यांत विदर्भाचे दोघे होते, दोघेही बुलढाणा जिल्ह्यातले: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्राचे नितीन राठोड. त्या दिवशी जामठ्यावर विदर्भ विरुद्ध शेष भारत असा इराणी करंडकाचा सामना चालू होता. विदर्भाने आठवड्यापूर्वीच सलग दुसऱ्यांदा रणजी जिंकली होती.

१६ फेब्रुवारीला सामना अनिर्णित राहिला. २८० धावांचा पाठलाग करताना विदर्भ ५ बाद २६९पर्यंत पोहोचला होता. पहिल्या डावातल्या आघाडीमुळे करंडक विदर्भाकडेच राहिला. कर्णधार फैज फझलने जाहीर केलं की बक्षिसाची दहा लाखांची रक्कम पुलवामाच्या शहिदांच्या कुटुंबांना देण्यात येईल. भारताच्या संघाच्या तुलनेत रणजी खेळाडूंची कमाई किती तोकडी, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. त्या संघाने दोन दिवसांत, कोणी मागणी करण्याआधी, आपल्या जिंकलेल्या पैशांवर पाणी सोडलं. माझ्या मते आपल्या क्रिकेटमधल्या स्मृतिदर्शनाचं हे सर्वांत निर्मळ उदाहरण आहे, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी झाली.

५ मार्चला त्याच मैदानावर भारताने ऑस्ट्रेलियाला आठ धावांनी हरवलं. विराट कोहलीने ११६ धावा केल्या आणि एकदिवसीय क्रिकेटमधला भारताचा पाचशेवा विजय नागपुरात नोंदला गेला. तिथून संघ रांचीला गेला. ८ मार्चच्या सामन्याआधी प्रादेशिक सेनेचे मानद लेफ्टनंट कर्नल असलेल्या महेंद्रसिंह धोनीने सहकाऱ्यांना लष्करी छापाच्या टोप्या वाटल्या. त्या सामन्याचं मानधन राष्ट्रीय संरक्षण निधीला देत असल्याचं कोहलीने सांगितलं. टोप्यांसाठी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची परवानगी घेतलेली होती. पाकिस्तानातून आक्षेप आला, तेव्हा निधी उभारणं आणि शहिदांचं स्मरण यासाठी ती दिल्याचं परिषदेने स्पष्ट केलं.

त्यानंतर तीन महिन्यांत, ५ जूनला, विश्वचषकातल्या साउदॅम्प्टनच्या सामन्यात धोनीच्या यष्टिरक्षणाच्या हातमोज्यांवर पॅरा कमांडोंचं ‘बलिदान’ चिन्ह दिसलं. परिषदेने ते काढायला लावलं. भारतीय मंडळाची विनंती फेटाळली गेली आणि नियम पुढे करण्यात आला: वैयक्तिक संदेश नको आणि हातमोज्यांवर ठरावीक चिन्हांपलीकडे काही नको. टोपी चालली, हातमोजा चालला नाही. दोन्हींमागे सैनिकांबद्दलचा आदरच होता. पण एक संघाने मागितलेली परवानगी होती, दुसरं एका खेळाडूने परस्पर लावलेलं चिन्ह.

रांचीच्या टोपीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मानधन देण्याचा निर्णय उत्तम होता. टोपीची गरज नव्हती. पुलवामात गेलेले जवान राखीव पोलीस दलाचे होते. टोपीने मात्र लष्कराचं रूप उचललं. गेलेल्या माणसांची आठवण काढताना ती माणसं कोण होती, कोणत्या दलात होती, कोणत्या गावची होती, एवढं तरी नीट राहायला हवं.

काळ्या फितीचे अर्थ

आपल्याकडे काळी फीत शोकापेक्षा निषेधासाठी जास्त ओळखीची आहे. एसटी कर्मचारी, शिक्षक, परिचारिका, निवासी डॉक्टर मागण्यांसाठी काळ्या फिती लावून काम करतात. बेळगावातले मराठी भाषक १९५६ पासून १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. घरच्या शोकात मात्र आपण पांढरं नेसतो. मैदानावरची शोकाची काळी फीत इंग्रजांच्या रिवाजातून आली आणि क्रिकेटने ती इतकी आपलीशी केली की आज आपण तिचा अर्थ विचारतही नाही.

तरी निषेधाचा अर्थ तिच्या आत जागाच असतो. १० फेब्रुवारी २००३ रोजी हरारे इथे विश्वचषकाच्या सामन्यात अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा यांनी काळ्या फिती लावल्या आणि झिंबाब्वेतल्या लोकशाहीच्या मृत्यूचा हा शोक असल्याचं लेखी जाहीर केलं. दोघांची झिंबाब्वेसाठीची कारकीर्द त्या विश्वचषकाबरोबरच संपली, दोघांनाही देश सोडावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये पर्थला उस्मान ख्वाजाने बुटांवर मानवी समतेची वाक्यं लिहिली होती. ती झाकायला लागल्यावर त्याने काळी फीत बांधली आणि परिषदेने त्याला समज दिली. फीत वैयक्तिक दुःखासाठी आहे, असं त्याचं म्हणणं होतं. दुःख वैयक्तिक की राजकीय, हे फितीकडे पाहून कोण सांगणार? म्हणून परिषदेने खेळाडूच्या संदेशाला मंडळाची आणि परिषदेची परवानगी लागेल असं ठरवलं आहे. हा नियम कडक आहे, पण त्यामागचं कारण खरं आहे.

दुसऱ्या बाजूला आपल्याच माणसांसाठी बांधलेल्या फिती आठवून पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये ट्रेंट ब्रिजला अजित वाडेकरांसाठी. ३ जानेवारी २०१९ रोजी सिडनीत रमाकांत आचरेकरांसाठी. सचिनला घडवणारे हे गुरू स्वतः एकच प्रथम श्रेणी सामना खेळले होते. १९ जानेवारी २०२० रोजी बंगळुरूला बापू नाडकर्णींसाठी, ज्यांनी १९६४ मध्ये मद्रासला सलग २१ षटकं निर्धाव टाकली. आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी अहमदाबादला, भारताच्या हजाराव्या एकदिवसीय सामन्यात, लता मंगेशकरांसाठी. १९८३चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते, तेव्हा लतादीदींनी दिल्लीत कार्यक्रम करून निधी उभा केला आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले होते. या प्रत्येक फितीमागे एक नाव आहे, खेळाशी जोडलेलं एक नातं आहे, आणि ती एका सामन्यापुरती आहे. यावर कोणी वाद घातला नाही, कारण वादाला जागाच नव्हती.

इंग्लंडचं लाल फूल

चिन्ह शर्टावर कायमचं बसलं की काय होतं, हे इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये दिसतं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ तिथे १९२१ पासून नोव्हेंबरमध्ये खसखशीचं कागदी लाल फूल विकलं जातं आणि पैसे माजी सैनिकांच्या संस्थेला जातात. आता क्लबांच्या शर्टांवर ते फूल छापून येतं. अनेक क्लब नंतर त्या शर्टांचा लिलाव करून पैसे त्याच निधीला देतात. २०११ मध्ये फिफाने इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाला शर्टावर फूल लावू दिलं नाही. तडजोड म्हणून ते काळ्या दंडफितीवर आलं. २०१६ मध्ये ११ नोव्हेंबरच्या वेम्बलीवरील सामन्यात इंग्लंड आणि स्कॉटलंडने फुलाच्या फिती लावल्या, तर फिफाने दंड केला. पुढच्याच वर्षी नियम बदलला.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती जेम्स मॅकलीन या खेळाडूची गोष्ट. तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराचा. ३० जानेवारी १९७२ रोजी त्या शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळीबार केला आणि मारले गेलेल्यांत त्याच्या वस्तीतले सहाजण होते. दोन्ही महायुद्धांतल्या मृतांबद्दल आपल्याला आदर आहे, फूल तेवढ्यापुरतंच असतं तर आपण ते लावलं असतं, असं त्याने २०१४ मध्ये आपल्या क्लबच्या अध्यक्षांना पत्र लिहून कळवलं. क्लबने त्याचं म्हणणं मान्य केलं, पण प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं त्याची हुर्यो उडवली. आदर व्यक्त करण्यासाठी सुरू झालेलं चिन्ह एका माणसाच्या निष्ठेची परीक्षा बनलं. असा दिवस आपल्या मैदानावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं. भारतातल्या एखाद्या संघातल्या अकरापैकी एकाने उद्या टोपी घालायला नकार दिला, तर त्याचं कारण ऐकून घेण्याइतका धीर आपल्याकडे असेल का?

कोणाची आठवण?

हा प्रश्न नागपुरात तर अधिकच टोचतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. सीताबर्डीत त्यांचं स्मारक आहे, उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. १ मे २०१९ रोजी, रांचीच्या टोप्यांनंतर दोन महिन्यांच्या आत, गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यातल्या जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंग उडवला; १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. विदर्भाच्या संघाने शर्टावर चिन्ह लावायचं ठरवलं, तर ते कोणाचं? काश्मीरमधल्या जवानांचं लावलं आणि गडचिरोलीतल्यांचं नाही, तर त्या घरांना काय वाटेल? सगळ्यांचं लावायचं तर शर्टावर जागा कुठे? निवड करावी लागली की एखाद्याचं दुःख मोठं आणि दुसऱ्याचं छोटं ठरतं, आणि असं मोजमाप करायचा अधिकार कुठल्याच क्रिकेट संघटनेला नाही.

त्यामुळे माझा निष्कर्ष असा आहे. काळी फीत राहावी: एका सामन्यापुरती, नाव जाहीर करून, बांधायची की नाही हे खेळाडूवर सोडून. शर्टावर, टोपीवर, हातमोज्यावर छापलेली चिन्हं नकोत. शर्ट संघाचा असतो आणि संघ पाहणाऱ्या सगळ्यांचा असतो. आणि जिथे शक्य आहे तिथे फितीच्या जोडीला पैसा हवा, कारण गेलेल्याच्या घरी उरतात ती शाळेची फी, शेतीचं कर्ज आणि म्हातारे आईवडील.

यासाठी नवं काही शोधायला नको. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. छोटा कागदी ध्वज विकत घेऊन खिशाला लावायचा, पैसे वीरपत्नी, जखमी सैनिक आणि माजी सैनिकांच्या कल्याणासाठी जायचे, ही रीत आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं हा निधी गोळा करतात. राखीव पोलीस दलासारख्या केंद्रीय दलांच्या शहिदांसाठी गृह मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘भारत के वीर’ हा स्वतंत्र मार्ग उघडला आहे.

विदर्भ क्रिकेट संघटनेला माझी विनंती आहे: डिसेंबरच्या सुरुवातीला नागपुरात जो सामना असेल, मग तो कुमारांचा असो, महिलांचा असो की आंतरराष्ट्रीय, त्याच्या प्रवेशद्वारावर ध्वजनिधीची पेटी ठेवा आणि शेजारी दुसरी पेटी केंद्रीय दलांच्या व गडचिरोली पोलिसांच्या कुटुंबांसाठी. ध्वज खेळाडूच्या शर्टाऐवजी प्रेक्षकाच्या खिशाला लागू द्या, कारण प्रेक्षक तो स्वखुशीने, पैसे मोजून लावील. संघाने आपलं काम २०१९ मध्येच करून दाखवलं आहे. आता पाळी आपली, मैदानाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांची.