मुंबईचे शानभाग, बंगळूरचे शानभाग

बंगळूरचं मल्लेश्वरम १८९८च्या प्लेगनंतर खऱ्या अर्थाने वाढलं. काडू मल्लेश्वराच्या देवळाशी व्यंकोजीराजांचं नाव जोडलेलं, त्यामुळे मराठी माणसाची पावलं तिकडे हमखास वळतात. पण पुस्तकांचं वेड असलेल्या बंगळूरकराची वाट तिथून कॅन्टोन्मेंटात, चर्च स्ट्रीटच्या परिसरात जाते. तिथल्या म्युझियम रोडवर १९७१ साली टी. एस. शानभागांनी प्रीमियर बुकशॉप थाटलं. त्याचं मूळ मात्र मुंबईत आहे.

त्यांचे काका टी. एन. शानभाग मूळचे दक्षिण कानड्यातले, मुंबईत शिकायला आलेले. विद्यार्थिदशेत एका दुकानात पुस्तकं चाळताना नोकराने हटकलं, ते त्यांच्या जिव्हारी लागलं. १९४८मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात, साडेचारशे रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्ट्रँड बुक स्टॉल सुरू केला. ग्राहकाने पुस्तक हाताळावं, उभ्या उभ्या वाचावं, आणि न घेता गेला तरी चालेल, ही तिथली रीत. पुढे दुकान फोर्टात, सर फिरोजशहा मेहता रोडवर गेलं. छापील किमतीवर सूट देण्याची प्रथा त्यांनी हट्टाने पाळली. पुस्तक महाग असेल तर वाचक तयार होणार नाही, हा त्यांचा हिशेब मला आजही बिनतोड वाटतो. सुंदराबाई हॉलमधल्या त्यांच्या वार्षिक विक्रीला मुंबईकर पिशव्या घेऊनच जात. २००३मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुतण्याने धंद्याचे धडे काकांकडेच गिरवले आणि मग बंगळूर गाठलं. प्रीमियरची जागा जेमतेम. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांच्या थप्प्या, मधून एका माणसाने अंग चोरून जायचं. तरी कोणतं पुस्तक कुठल्या थप्पीत आहे, हे शानभागांना तोंडपाठ. बोलणं कमी, सूट मात्र न मागता मिळायची. कोण काय वाचतो हे ध्यानात ठेवून ते नवं पुस्तक पुढे करायचे. रामचंद्र गुहांसारखा इतिहासकार या दुकानाबद्दल पुन्हा पुन्हा लिहितो, ते उगाच नाही. विद्यापीठाच्या ग्रंथपालालाही हेवा वाटावा अशी ही जाण होती, आणि तिची नोंद कुठल्याही वहीत नव्हती.

२००९च्या फेब्रुवारीत मुंबईत काका गेले. त्याच वर्षी बंगळुरात प्रीमियर बंद झालं. स्ट्रँड २०१८च्या फेब्रुवारीपर्यंत तग धरून होतं. त्याची बंगळूरची शाखाही आता नाही. टी. एस. शानभाग मे २०२१मध्ये कोविडने वारले, तेव्हा अनेक जुन्या गिऱ्हाइकांनी लिहिलं, की आपलं वाचन या माणसाने घडवलं.

चर्च स्ट्रीटवर आज ब्लॉसम हे पुस्तकांचं दुकान आहे. त्याचे मालक मायी गौडा इंजिनिअर, एम. जी. रोडच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकत त्यांनी सुरुवात केली. तिथे नवी आणि जुनी पुस्तकं एकाच छताखाली मिळतात आणि तासन्‌तास चाळली तरी कुणी हटकत नाही.