डेमो बाईक स्वस्तात मिळतेय? आधी कागद बघा, मग किंमत बोला

नव्या गाडीची ऑन-रोड किंमत ऐकून गिऱ्हाईक जरा गप्प झालं, की शोरूममधला सेल्समन हळूच सुचवतो, ‘डेमोची एक आहे, बघता का? थोडीच चाललीय, जवळजवळ नवीच समजा.’ आपल्याकडे बऱ्याच घरांत गाडी व्याजावर घ्यायची नाही, म्हणून भिशीचे पैसे आणि पगारातली शिल्लक जमवून रोख घेतात. अशा घराला पंधरा-वीस हजारांची सूट म्हणजे लहान गोष्ट नाही. पण ती सूट खरी आहे की नुसती दिसायला, हे गाडीकडे बघून कळत नाही. ते कागदावर कळतं.

पहिला प्रश्न एकच विचारायचा: गाडी कोणाच्या नावावर आहे? डीलरला ट्रेड सर्टिफिकेटवर नोंदणी नसलेली गाडी ठरावीक कामांसाठी रस्त्यावर काढता येते. अशा गाडीची नंबरप्लेट लाल असते, अक्षरं पांढरी. ती तुम्ही घेतली तर पहिली नोंदणी तुमच्याच नावावर होते आणि आरसीवर तुम्ही पहिले मालक. पण बऱ्याच डेमो गाड्या डीलरच्या फर्मच्या नावावर पासिंग झालेल्या असतात, साध्या पांढऱ्या प्लेटवर. ती घेतली की तुम्ही दुसरे मालक. नोंदणीची 15 वर्षं डीलरच्या तारखेपासून मोजली जातात, तुमच्या नाही. म्हणजे शोरूमच्या काचेआड उभी असली, तरी कायद्याच्या नजरेत ती सेकंडहँड गाडी.

इथेच हिशेब बदलतो. समजा नवी गाडी ऑन-रोड 1,30,000 ला पडते आणि डेमो 1,15,000 ला देतायत. पंधरा हजार वाचले असं वाटतं. पण तेच मॉडेल, एका मालकाने वर्षभर वापरलेलं, तुमच्या गावात 1,05,000 ला मिळत असेल, तर डेमोवाला तुमच्याकडून दहा हजार जास्तच घेतोय. उद्या विकायला काढाल तेव्हा समोरचा आरसीवर ‘दुसरा मालक’ बघून भाव पाडणार, ते वेगळंच. म्हणून नावावर झालेल्या डेमोची तुलना नव्या गाडीशी करू नका, जुन्या बाजाराशी करा.

सूट कुठल्या किमतीवर सांगतायत तेही विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. डीलरने गाडी त्याआधी घेतलेली असेल आणि तो जुनी किंमत दाखवून ‘इतके हजार कमी केले’ म्हणत असेल, तर त्या सुटीत फारसा दम नाही. आजचं नव्या गाडीचं कोटेशन लेखी घ्या आणि शेजारी ठेवून बघा. आणखी एक: फर्मच्या नावावर पासिंग झालं तेव्हाच एकरकमी रोड टॅक्स भरलेला असतो. गाडी त्याच राज्यात राहणार असेल तर तुम्हाला ट्रान्सफरचा खर्च येतो, टॅक्स पुन्हा नाही. कोटेशनमध्ये तो पुन्हा धरला असेल तर तिथेच बोट ठेवा.

आता गाडीचं. किलोमीटर कमी असले म्हणून फार खूश होऊ नका. नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवायचं असतं, आणि डेमोची गाडी नेमकी त्याच काळात रोज वेगळ्या हातात जाते. कोणी थंड इंजिनवर पीळ देतो, कोणी क्लच अर्धा दाबूनच फिरतो. पडतेही. हँडलची टोकं, ब्रेक-क्लच लिव्हर, फूटरेस्ट आणि सायलेन्सर यांवर घासल्याच्या खुणा शोधा. लिव्हर चकचकीत नवा आणि बाकी गाडी मळकी असेल तर का बदलला ते विचारा. ओळखीचा मिस्त्री सोबत न्या आणि गाडी पूर्ण थंड असताना स्टार्ट करायला लावा. एक बाजू डेमोच्या भल्याचीही आहे: वर्कशॉप त्यांचंच असतं, त्यामुळे देखभाल बरी झालेली असू शकते. मात्र पहिली सर्व्हिस आणि ऑइल बदल कधी झाला, याची नोंद बघितल्याशिवाय हे मानू नका.

वॉरंटी साधारण पहिल्या विक्रीच्या किंवा नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. ‘पूर्ण वॉरंटी मिळेल’ हे तोंडी चालत नाही. शेवटची तारीख आणि उरलेल्या मोफत सर्व्हिस बिलावर लिहून घ्या.

विमा तर हमखास विसरला जातो. नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा असतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा वर्षाचाच, आणि डेमोचं ते वर्ष संपत आलेलं असू शकतं. गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर अपघात झाल्यावर नुकसानीचा क्लेम अडकतो. आधी काही क्लेम झालाय का, हेही विचारून घ्या.

एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. ई-चलन थकलंय का तेही तपासा. टेस्ट राईडवाल्याने तोडलेल्या सिग्नलचा दंड तुम्ही का भरायचा?

आमचं मत सांगायचं तर, नोंदणी न झालेली आणि पूर्ण वॉरंटी लेखी मिळणारी डेमो थोड्या सुटीतही घ्यायला हरकत नाही. फर्मच्या नावावरची असेल तर जुन्या बाजाराच्या भावाच्या आसपास आली तरच घ्या, नाहीतर दोन महिने थांबून नवीच बघा. टोकन सेल्समनच्या हातात रोख देऊ नका. फर्मच्या खात्यावर भरा आणि पावतीवर चेसिस नंबर लिहून घ्या. फर्मच्या नावावरची गाडी असेल तर फॉर्म 29 आणि 30 वर फर्मचा सही-शिक्का समोर बसून घ्या, आणि नवी आरसी हातात येईपर्यंत त्यांच्या प्रती घरी जपून ठेवा.