वीज गेली तरी नोंद टिकते कशी?

केसपेपर आता बऱ्याच रुग्णालयांत संगणकावर आला आहे. रुग्णाचा रक्तगट, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, कालचा क्रिएटिनिनचा अहवाल हे सारे सर्व्हरच्या डिस्कवर असते. नोंद साठवली जात असतानाच वीज गेली तर तिचे काय होते? हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही. अ‍ॅलर्जीची एक ओळ हरवली, तर पुढचे इंजेक्शन जिवावर बेतू शकते.

फाइलमध्ये एक ओळ वाढवायची तर संगणकाला डिस्कवर अनेक ठिकाणी लिहावे लागते. एका जागी मजकूर, दुसऱ्या जागी फाइलची लांबी आणि पत्ता, तिसऱ्या जागी रिकाम्या जागेचा नकाशा. यातली दोनच कामे झाली आणि वीज गेली, तर हिशेब जुळत नाही. फाइल म्हणते ही जागा माझी, नकाशा म्हणतो जागा रिकामी. मग तिथे दुसऱ्याच रुग्णाचा अहवाल लिहिला जाऊ शकतो.

अनेक सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतात. कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. लिनक्सच्या जुन्या ईएक्सटी-२ या फाइल सिस्टीममध्ये असा घोटाळा झाला की सगळी डिस्क तपासावी लागे. डिस्क मोठी असेल तर त्यात तास जात. २००१ मध्ये ईएक्सटी-३ कर्नलमध्ये आली आणि तिच्यासोबत जर्नलही आले. २००८ च्या अखेरीस तिची पुढची आवृत्ती ईएक्सटी-४ स्थिर म्हणून जाहीर झाली.

जर्नल म्हणजे दुकानदाराची रोजकीर्द. व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो, मग खतावणीत चढतो. फाइल सिस्टीमही काय बदल करणार ते आधी जर्नलमध्ये लिहिते, नोंद पुरी झाल्याची खूण करते आणि नंतर मूळ जागी बदल करते. वीज परत आल्यावर खूण असलेल्या नोंदी पुन्हा अमलात आणल्या जातात आणि अर्धवट नोंदी सोडून दिल्या जातात. हे काम बहुधा काही सेकंदांत उरकते.

मात्र या रोजकीर्दीत काय लिहायचे, हे ठरवावे लागते. ईएक्सटी-४ मध्ये त्याचे तीन पर्याय आहेत. ‘ऑर्डर्ड’ हा नेहमीचा. यात जर्नलमध्ये फक्त पत्ते आणि नकाशे जातात, पण त्याआधी मजकूर डिस्कवर उतरतो. ‘जर्नल’ पर्यायात मजकूरही जर्नलमध्ये जातो. तो दोनदा लिहिला जात असल्याने वेग सहसा घटतो. ‘राइटबॅक’मध्ये मजकूर आधी उतरण्याची अट नसते. वेग मिळतो, पण वीज गेल्यानंतर नव्या फाइलमध्ये त्या जागेवरचा जुना, पुसलेला मजकूर दिसू शकतो. रुग्णालयात तो दुसऱ्याच कुणाचा अहवाल असू शकतो.

‘बॅरिअर’ हाही एक पर्याय. डिस्कची स्वतःची तात्पुरती स्मृती असते आणि ती लिहिण्याचा क्रम बदलू शकते. बॅरिअर तो क्रम राखतो. वेगासाठी तो बंद केला आणि वीज गेली, तर जर्नलवरच विसंबता येत नाही.

काही पर्याय कर्नल तयार करतानाच निवडायचे असतात. अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट हा त्यातला एक. तो नसेल तर फाइलची परवानगी मालक, गट आणि इतर अशा तीनच पायऱ्यांवर देता येते. तो असेल तर एक्स-रेची फाइल क्ष-किरण विभागाने लिहावी, वॉर्डच्या डॉक्टरांनी फक्त वाचावी आणि बाकी कुणी उघडू नये, अशी बारीक सोय होते. रुग्णाची गोपनीयता अशा छोट्या निवडींवरही अवलंबून असते.

जर्नलची मर्यादाही ओळखायला हवी. ईएक्सटी-४ नेहमीच्या मांडणीत दर पाच सेकंदांनी जर्नलची नोंद पक्की करते. त्याआधी वीज गेली तर अगदी ताजी नोंद जाऊ शकते. म्हणून रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरने ‘नोंद साठवली’ असे सांगण्याआधी ती डिस्कवर उतरवण्याचा स्पष्ट आदेश द्यायला हवा. २००९ मध्ये ईएक्सटी-४ वापरणाऱ्या काहींना संगणक अचानक बंद पडल्यावर फाइल रिकाम्या सापडल्या. फाइलचे नाव होते, आत काहीच नव्हते. असा आदेश न देणारे प्रोग्रॅम हे त्यामागचे एक कारण होते. पुढे कर्नलमध्येही त्यावर उपाय करण्यात आला.

शिवाय जर्नल म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क जळाली तर जर्नलही जळते. चुकीचा डोस टाइप केला तर तो चुकीचाच जपला जातो. त्यामुळे रुग्णालयाला यूपीएस हवा, दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत हवी आणि त्या प्रतीतून माहिती खरोखर परत येते का, याची अधूनमधून चाचणीही हवी. न तपासलेला बॅकअप हा न तपासलेल्या ऑक्सिजन सिलिंडरसारखा आहे. गरज पडते तेव्हाच तो रिकामा असल्याचे कळते.

घरीही थोडी काळजी घ्या. पेनड्राइव्हवर सहसा फॅट-३२ किंवा एक्सफॅट ही फाइल सिस्टीम असते आणि तिच्यात अशी रोजकीर्द नसते. अहवाल त्यात ठेवत असाल तर संगणकाला सांगूनच पेनड्राइव्ह काढा. डिस्चार्ज कार्डाची छापील प्रत आणि फोनमधला फोटो, दोन्ही जपून ठेवा. आणि अ‍ॅलर्जी संगणकात नोंदवलेली असली तरी प्रत्येक नव्या डॉक्टरांना ती तोंडी सांगा.