पाय ऊन झाले

कोकणात भातकापणीच्या दिवसांत पेंढ्याचा भारा उचलताना, किंवा अंगणातल्या जळाऊ लाकडांच्या ढिगात हात घालताना, जो लाल विंचू नांगी मारतो तो इतका लहान असतो की मोठ्या काळ्या इंगळीला भिणारा माणूस त्याची पुष्कळदा पर्वाच करीत नाही. वस्तुतः प्राणावर बेतते ते याच्याच दंशाने. दंशाच्या जागी असह्य वेदना होऊन जो रात्रभर कळवळतो तो बहुधा वाचतो, आणि ज्याला ठणका फारसा जाणवत नाही, पण ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, लाळ सुटते आणि हातपाय गार पडतात, त्याची स्थिती चिंताजनक असते. हे ध्यानात घेतले म्हणजे विंचू उतरवणाऱ्या भगताला पिढ्यान्‌पिढ्या यश का येत गेले याचा उलगडा होतो: कळवळणारे आपोआपच बरे होत होते.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा या दंशावर खात्रीचा इलाज नव्हता, आणि गंभीर रुग्णांपैकी शेकडा ३० च्या आसपास दगावत असत. रुग्णांच्या उशाशी रात्री जागून त्यांनी नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या, आणि मृत्यू हृदय थकून व फुफ्फुसांत पाणी साचून येतो, हे १९८२ साली ‘लॅन्सेट’सारख्या विख्यात नियतकालिकातून वैद्यकजगतापुढे आले.

विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे मिटेनाशी होतात, अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा रक्तात पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय जेरीस येते. गार पडलेले तळवे ही त्याच आवळण्याची बाहेर दिसणारी खूण. रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड उपयोगी पडले खरे, पण ते सलाइनच्या थेंबांतून, क्षणोक्षणी रक्तदाब पाहत द्यावे लागते, आणि खेड्यात ती सोय कुठून असणार? प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी मात्र तोंडाने देता येते, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्यांची जी ग्राहके विषाच्या तडाख्यात सापडलेली असतात नेमकी तीच ती अडवते. मुलांना दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा मात्रा, असा तिचा क्रम. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले. औषधाची खरी थोरवी ते रुग्णापर्यंत पोहोचण्यात असते असे मी मानतो, आणि त्या कसोटीला ही साधी गोळी पुरेपूर उतरली. पुढे २०११ साली बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवरील चाचणीतून दाखवून दिले की प्राझोसिनला विंचूविषावरील प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण अधिक लवकर सावरतो.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून मुलाला उचलून कडेवर घ्यायचे नसते, आडवेच ठेवायचे असते. आणि रडणाऱ्या मुलाच्या आईला हे सांगणे फार अवघड जाते. तालुक्याच्या एका दवाखान्यात अशी एक आई मी पाहिली आहे. उचलू नका म्हटल्यावर ती खाटेच्या पायथ्याशी बसली, लेकराचे दोन्ही तळवे आपल्या तळव्यांत धरून राहिली, आणि पहाटे नर्स औषधाची मात्रा घेऊन आली तेव्हा मान वर करून एवढेच म्हणाली, “बाई, पाय ऊन झाले.”