बहुवारिकीकरण : प्रक्रिया, प्रकार आणि पुनर्वापराचा प्रश्न

प्रस्तावना

दुधाची पिशवी, शीतपेयाची बाटली आणि कुकरची बेकेलाइटची मूठ या तिन्ही वस्तूंना व्यवहारात 'प्लास्टिक' हे एकच नाव दिले जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती भिन्न मार्गांनी घडलेली बहुवारिके आहेत. बहुवारिकीकरणाचे प्रकार अध्यापनात बहुधा केवळ वर्गीकरण म्हणून येतात. वस्तुतः शृंखला कोणत्या बंधाने सांधली गेली, यावर त्या पदार्थाचे वापरानंतर काय होणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

संकल्पना

एकवारिक नावाचे लहान रेणू सहसंयुज बंधांनी जोडले जाऊन दीर्घ रेणू तयार होण्याच्या क्रियेस बहुवारिकीकरण म्हणतात. त्यासाठी प्रत्येक एकवारिकास किमान दोन बंध जोडता येणे आवश्यक असते. रबर, सेल्युलोज इत्यादी पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे पुंजके होत, असा पूर्वी समज होता. हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये दीर्घ शृंखलेची कल्पना मांडली. या कार्यासाठी त्यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. समावेशन व संघनन हे वर्गीकरण वॉलेस कॅरोदर्स यांनी १९२९ मध्ये केले.

समावेशन बहुवारिकीकरण

या प्रकारात एकवारिकातील द्विबंध उघडतो आणि कोणताही उपपदार्थ बाहेर पडत नाही. पेरॉक्साइडपासून निर्माण झालेला मुक्त मूलक एथिलीनच्या रेणूस जोडला जातो (आरंभन). शृंखलेच्या टोकाशी एकेक रेणू वेगाने जोडला जातो (वर्धन). अखेर दोन मूलक एकत्र येऊन क्रिया थांबते (समापन). १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये अतिउच्च दाबाखाली मिळालेले पॉलिएथिलीन शाखायुक्त होते. कार्ल त्सिग्लर यांनी १९५३ मध्ये शोधलेल्या उत्प्रेरकामुळे कमी दाबावर सरळ शृंखलेचे, अधिक घनतेचे पॉलिएथिलीन मिळू लागले.

संघनन बहुवारिकीकरण

येथे दोन क्रियाशील गटांमध्ये अभिक्रिया होऊन पाण्यासारखा लहान रेणू बाहेर पडतो. कॅरोदर्स यांनी १९३५ मध्ये तयार केलेले नायलॉन ६६ आणि बाटल्यांसाठी वापरले जाणारे पॉलिएस्टर ही याची उदाहरणे होत. शृंखला टप्प्याटप्प्याने वाढते; त्यामुळे दीर्घ शृंखलेसाठी अभिक्रिया जवळजवळ पूर्णत्वास न्यावी लागते. दोन्ही गट समप्रमाणात असता ९५ टक्के अभिक्रियेनंतर शृंखलेत सरासरी २० घटक असतात, तर ९९ टक्के अभिक्रियेनंतर १००. एकवारिकास दोनपेक्षा अधिक ठिकाणी बंध जोडता येत असल्यास बेकेलाइटप्रमाणे त्रिमितीय जाळे तयार होते.

पुनर्वापराशी संबंध

पॉलिएस्टरमधील एस्टर बंध उष्णता व उत्प्रेरक यांच्या साहाय्याने मेथॅनॉल, ग्लायकॉल किंवा पाणी यांनी तोडता येतो. त्यातून पुन्हा बहुवारिक घडविण्याजोगे लहान रेणू मिळतात. पॉलिएथिलीनमधील कार्बन-कार्बन सांगाड्यास असा सुलभ सांधा नसतो. ते वितळवून पुन्हा साच्यात घालता येते, परंतु प्रत्येक वेळी गुणवत्ता घटते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये ज्यांच्यावर बंदी आली, त्या कॅरीबॅग आणि थर्माकोलची ताटे ही समावेशन बहुवारिकांचीच उदाहरणे होत.

हा नियम निरपवाद नाही. ॲक्रिलिक काच समावेशनाने तयार होत असली तरी तापविल्यावर तिचे एकवारिक बऱ्याच प्रमाणात परत मिळते. उलट, बेकेलाइट संघननाने तयार होऊनही पुन्हा वितळत नाही.

समारोप

बहुवारिकीकरणाचा प्रकार आणि बंधाचे स्वरूप एकत्र विचारात घेतल्यास कोणती वस्तू परत मूळ रेणूंत नेता येईल, कोणती केवळ वितळविता येईल आणि कोणती मुळातच कमी वापरावी, याचा निर्णय शास्त्रीय पायावर घेता येतो. वर्गात हा विषय शिकविताना व्याख्यांबरोबर हा दुवा स्पष्ट केल्यास विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र आणि कचऱ्याचा प्रश्न यांतील नाते उमगेल.