मोठा गट पुन्हा करायचा का?



जानेवारी उजाडला की सदाशिव पेठेतल्या बालवाड्यांच्या दारात एकच विषय असतो, पहिलीचा प्रवेश. पेरूगेटकडून नातवाला सोडायला आलेली एखादी आजी घंटा झाली तरी रेंगाळते आणि हळूच विचारते, “बाई, आमचा डिसेंबरचा आहे हो. मोठा गट परत करून घेऊ का?”

हे ‘डिसेंबरचा’ म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जून २०२६ मध्ये पहिलीत बसणाऱ्यांपैकी जानेवारी २०२० मध्ये जन्मलेलं मूल साधारण साडेसहा वर्षांचं असेल आणि डिसेंबर २०२० मधलं साडेपाचचं. बाक एक, पुस्तक एक, वयात मात्र जवळजवळ एका वर्षाचा फरक. सहा वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष ही फार मोठी गोष्ट आहे. (आजोबांच्या पिढीत हा प्रश्नच नव्हता. गुरुजी मूल पाहून १ जून ही जन्मतारीख लिहून टाकत. अजूनही कित्येक घरांत दोन-तीन वाढदिवस त्याच दिवशी येतात!)

आता मूळ प्रश्न. मूल कशात मागे आहे, ते आधी विचारा. बहुतेक पालक सांगतात, “लिहीत नाही.” माझ्या मते एवढ्यासाठी वर्ष थांबवू नये. मनगटातली सगळी हाडं टणक व्हायला दहा-बारा वर्षांचं वय उजाडतं. पाचव्या वर्षी वहीची पानं भरली नाहीत म्हणून मूल कच्चं ठरत नाही. त्याला कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, कात्रीने कागद कापू द्या.

“वर्गात लक्ष नसतं” ही दुसरी तक्रार. इथे मात्र थांबून बघायला हवं. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली तरी बघायचा नाही, गोष्ट सांगताना भलतीकडेच बघत बसायचा. घरच्यांनी मोठा गट परत करायचं ठरवलं, आणि खरं सांगते, मीही मान डोलावली. दुसऱ्या वर्षीही तेच. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत कान तपासले, तर सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं. त्याला पुढच्या बाकावर बसवणं आणि औषधं यांची गरज होती, आम्ही त्याला तोच गट दिला. तेव्हापासून माझा नियम ठरला : आधी कान, डोळे आणि बोलणं तपासून घ्या, गटाचं नंतर बोलू.

मग थांबवावं कधी? मूल ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं असेल आणि त्याच्याच वयाच्या इतर मुलांपेक्षाही लहान वाटत असेल तर. तहान लागली, शी-शू आली हे बाईंना सांगता येत नाही, डबा एकट्याने खाता येत नाही, दोन सूचना एकदम दिल्या की गोंधळ होतो, आईला सोडताना जूनमधलं रडू फेब्रुवारीतही तसंच आहे, असं असेल तर. लांबलेल्या आजारपणात वर्षच बुडालं असेल, तर तेही कारण पुरेसं आहे. यातली एखादीच गोष्ट असेल तर थांबू नका, चार महिन्यांत मुलं कुठल्या कुठे जातात.

निर्णय आत्ताच घ्यावा लागतो, कारण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिलीत गेल्यावर मुलाला त्याच इयत्तेत मागे ठेवता येत नाही. वर्ष थांबलात तरी प्रवेशाचं दार बंद होत नाही. पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागांसाठीसुद्धा पहिलीची कमाल वयोमर्यादा सात वर्षं पाच महिने तीस दिवस धरतात. आणि हो, पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला कायद्याने बंदी आहे. तेव्हा “मुलाखतीत नापास होईल” या भीतीने थांबवू नका.

थांबवायचं ठरलं तर दुसरं वर्ष पहिल्याची नक्कल नको. तीच गाणी, तीच वही मिळाली की हुशार मूलही कंटाळतं. मॉन्टेसरी पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच खोलीत असतात, त्यामुळे तिथे ‘मागे राहणं’ फारसं जाणवत नाही. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. तुमच्या बालवाडीत तसं नसेल, तर बाईंना स्पष्ट विचारा, “याला नवीन काय देणार?” समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर दुसरी बालवाडी बघा.

मुलाशीही बोला. मित्र जिना चढून वरच्या वर्गात जातात, हे त्याला दिसतंच. शेजारच्यांसमोर “याला परत बसवलंय” असं बोलू नका. जूनमध्ये तो विचारेल, “मी का नाही गेलो?” तेव्हा सांगा, “तुझा वाढदिवस डिसेंबरात येतो ना, म्हणून तुझी पहिली पुढच्या जूनला.” तो लगेच विचारेल, “मग मी कितवा असेन, सहा की सात?” त्याच्याबरोबर बोटांवर मोजा.